फळीवरच्या मुठी

गावभराच्या कुऱ्हाडी, खुरपी आणि विळ्यांना मुठी बसवणाऱ्या सुताराच्या घरात भाजी चिरायची सुरी मात्र बाजारची होती, प्लॅस्टिकच्या मुठीची. "दिव्याखाली अंधार," बायको म्हणायची, "आणि दिव्यात तेल मीच घालते."

त्याची कामाची रीत वेगळी होती. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या हातात ओल्या मातीचा गोळा द्यायचा. "दाब. काम करताना दाबतोस तसा दाब, लाजू नकोस." बोटं उमटलेला तो गोळा वाळवून फळीवर ठेवायचा आणि त्याच्या बेताने लाकूड तासायचं. अशा रीतीने सगळं गाव त्या फळ्यांवर येऊन बसलं होतं. माणूस गेला तरी त्याची मूठ टाकून द्यायला सुताराचं मन धजायचं नाही.

मग नदीपलीकडे अवजारांचा कारखाना आला. तिथलं खुरपं स्वस्त, आणि दुकानात गेलं की लगेच हातात. लोकांना तरी काय दोष द्यायचा? एका मुठीसाठी आठवडाभर कोण खोळंबणार? सुताराचा मुलगाही तिथेच लागला, रोजंदारीवर.

एकदा जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, साहेबांना तुमच्या मातीच्या मुठी हव्यात. सगळ्या. त्यांवरून बहुतेकांच्या हाताला चालेल असा एक साचा काढणार आहेत. मला कायम करतो म्हणालेत."

सुताराचा घास हातातच राहिला. मुठी दिल्या तर दुकान संपलं, हे त्याला लख्ख दिसत होतं. न द्याव्यात, तर पोरगा रोज सकाळी फाटकाशी उभा राहून 'आज काम आहे का' असं किती वर्षं विचारणार?

"ने," तो म्हणाला. एकेक मूठ त्याने स्वतः चिंध्यांत गुंडाळून दिली.

खोटं कशाला बोला, कारखान्याची नवी मूठ चांगली निघाली. कुठे टोचत नव्हती, पण कुणाच्या हातात घट्ट बसतही नव्हती. मुलगा कायम झाला. दुकानात कोळ्यांनी जाळी विणून संसार थाटले. कुणी विचारलं तर सुतार "बरं चाललंय" म्हणायचा. बरं कसलं डोंबलाचं! माणूस आतून पार खचला होता.

अशातच एका दुपारी बायकोच्या हातून सुरी निसटली. त्याने पाहिलं, तिच्या बोटांचे सांधे सुजले होते आणि सुरी ती कशीबशी दोन बोटांत धरत होती.

"हे कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

"बोलली नाहीस ती?"

"तुम्ही गावाचे हात बघण्यात गुंग होता. नंतर तुम्ही कशाकडेच बघेनासे झालात."

तो उठला, माती भिजवून आणली आणि गोळा तिच्यापुढे धरला. "दाब."

"गिऱ्हाईक समजता की काय मला?"

"दाब गं."

दोनच बोटं नीट उमटली. त्या दोन बोटांच्या बेताने त्याने जाड, जरा वाकडी मूठ तासली. ती सुरी पाहून शेजारची म्हातारी आली, तिची बोटं वळत नव्हती. पाठोपाठ कारखान्यातला एकजण आला. त्याचा अंगठा यंत्रात गेला होता, आणि तिथलं कुठलंच अवजार आता त्याच्या हातात बसत नव्हतं.

यांच्यावर पूर्वीसारखं दुकान चालणार नाही, हे सुताराला ठाऊक होतं. तरी त्याने फळ्या पुसून घेतल्या. बायकोची मूठ सगळ्यात आधी ठेवली, आणि एवढी वर्षं ती तिथे नव्हती याची त्याला लाज वाटली.