दाजींचं निळं चक्र

दाजी गेल्याचा फोन ताईनेच केला. "सुटले रे…" एवढंच म्हणाली. एरवी मला या शब्दाची चीड आहे. लोक तो फार सहज वापरतात. पण महिनोन्‌महिने श्वासासाठी झगडणारे दाजी मी पाहिले होते. त्या दिवशी मलाही हायसं वाटलं, आणि ते सांगायची मला लाज वाटत नाही.

मधुकरदाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, विठ्ठलवाडीला राहायचे आणि स्वतःच्या टेम्पोने अंबरनाथच्या कारखान्यांचा माल पोचवायचे. सोल्डरिंगची हौस दांडगी. घरातल्या एकाही रेडिओला पाठीमागचं झाकण नव्हतं. चार-पाच वर्षांपूर्वी वस्तीच्या बैठकीत त्यांनी जाहीरच करून टाकलं, की यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आपल्या टेम्पोवर निळ्या एलईडींचं अशोकचक्र झळकणार, तेही गाडीच्याच बॅटरीवर. आदल्या वर्षी भाड्याचा जनरेटर भर चौकात बंद पडला होता आणि शेजारच्या वस्तीने आमची यथेच्छ टिंगल केली होती. त्यामुळे टाळ्या जोरात पडल्या, आणि दाजींची मान अडकली.

चोवीस आरे, प्रत्येक आऱ्यात तीन दिवे आणि त्यांच्या प्रवाहाला आवर घालणारा एक रेझिस्टर. बॅटरी बारा व्होल्टची, त्यातले साडेनऊ व्होल्ट दिवे खाणार, म्हणून उरलेल्यासाठी एकशेवीस ओहमचा रेझिस्टर, असा चोख हिशेब मांडून दाजींनी उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराकडून माल आणला. घरात बॅटरीवर लावून पाहिलं तेव्हा ताईचे डोळे दिपले. जयंतीच्या आदल्या दुपारी चक्र टेम्पोच्या कपाळावर चढवलं, गाडी सुरू केली, आणि वस्तीला फेरी मारून येईपर्यंत एकेक आरा विझत गेला.

"दाजी, डेकोरेशनवाल्याला फोन मारू का? हॅलोजन लावून टाकू," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. दाजींचा चेहरा एवढासा झाला होता. त्यांनी चालू गाडीच्या बॅटरीला मीटर लावला आणि कपाळावर हात मारला. "अरे, मी गाडी बंद ठेवून हिशेब केला! इंजिन चालू असलं की चौदाच्या वर जातं ना… रेझिस्टरवर अडीचच्या जागी जवळपास पाच व्होल्ट आले, दिव्यांना दुप्पट करंट गेला." आयुष्य टेम्पोत गेलं, आणि हा माणूस टेम्पो चालतो हेच विसरला होता! मी हसलो, मग तेही हसले, आणि आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. "क्या साईं, फिर से?" दुकानदाराने विचारलं. या वेळी दाजींनी जळालेल्यांच्या जागी नवे दिवे आणि दोनशे सत्तरचे रेझिस्टर घेतले.

दुसऱ्या दिवशी पोरांची कुरकुर सुरू झाली, "दाजी, पहिल्यासारखी चमक नाय राहिली." दाजी म्हणाले, "मंद चालेल, विझलेलं नाय चालणार." मिरवणूकभर टेम्पो तेच चालवत होते. चक्र केबिनच्या वर, त्यामुळे त्यांना ते दिसायचंच नाही. पुढे चालणाऱ्या मला खिडकीतून दर थोड्या वेळाने हाक यायची, "सगळे आरे आहेत ना रे?" मी हात हलवून "आहेत" म्हणायचो. पुढे दरवर्षी हेच.

दाजी फेब्रुवारीत गेले. टेम्पो आता भाचा चालवतो. जयंतीला ताईने माळ्यावरून चक्र काढायला सांगितलं. दाजी गेल्यापासून ती रडली नव्हती. तिच्यासमोर एक जरी आरा विझला असता तर तिला काय वाटलं असतं… मी नको म्हणून पाहिलं, पण तिने ऐकलं नाही. स्वतःच भाच्याच्या शेजारी, केबिनमध्ये जाऊन बसली. इंजिन सुरू झालं. मी समोर उभा राहून निळ्या आऱ्यांकडे बघत राहिलो. भाच्याने ॲक्सिलरेटर दाबला, तरी ते तसेच शांत तेवत होते.

खिडकीतून ताईची मान बाहेर आली.

"सगळे आरे आहेत ना रे?"

"आहेत, ताई." आणि मग कुठे ती रडली.