एक बोट फट

निवृत्तीनंतरची माझी पोस्टिंग बंगळूरला आहे. ठिकाण मारतहळ्ळी, चौथा मजला, मुलाचा फ्लॅट. स्ट्रेंग्थ चार: मुलगा निखिल, सून मधुरा, पाच वर्षांची नात ओवी आणि मी. पोस्ट कमांडर मधुरा आहे, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि तेव्हापासून त्याप्रमाणे वागतो. निखिल सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर आहे. यंत्राबद्दल विचारलं की तो तासभर बोलतो, घराबद्दल विचारलं की मधुराकडे बोट दाखवतो.

सकाळचं रूटीन ठरलेलं आहे. माझा वॉक, फिल्टर कॉफी, ओवीची स्कूलबस. बस दिसेपर्यंत गेटवर आमचा वायरलेसचा खेळ चालतो. मी विचारतो, "स्ट्रेंग्थ काय? ओव्हर." ती मुठीत बोलते, "चार, आबा. ओव्हर." मग ती बसमध्ये चढते आणि मी दूध घेऊन वर येतो.

बंगळूरच्या थंडीला मी थंडी मानत नाही. डिसेंबरात लोक माकडटोपी घालून फिरायला निघतात तेव्हा मला अजूनही हसू येतं. कोरडेपणाला मात्र मी हसत नाही. पावसाची हवा गेली की दुपारी ओठ ताणायला लागतात, टाचांना भेगा पडतात, सकाळी घसा खरखरतो. गेल्या डिसेंबरात ओवीला असाच कोरडा खोकला लागला. एके दिवशी उशीवर नाकातून आलेल्या रक्ताचे दोन थेंब दिसले. मधुराचा चेहरा उतरला. संध्याकाळपर्यंत ह्युमिडिफायर घरी आला.

यंत्र चांगलं होतं. पाणी भरायचं, बटण दाबायचं, पांढरी वाफ निघते. पहिले काही दिवस ओवीला आराम पडला. निखिलने त्यात नळाचं पाणी भरलं होतं आणि आमच्या नळाला येतं बोअरचं. दोन दिवसांत टेबलावर, पुस्तकांवर, ओवीच्या बाहुलीवर पांढरी पूड बसली. इंजिनिअरसाहेबांनी त्यावर भाषण दिलं आणि फिल्टरचं पाणी वापरायला सुरुवात केली. तिथवर सगळं ठीक होतं.

पण आराम पडला म्हणून यंत्र दिवसरात्र चालू राहिलं. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद झाल्या. स्लायडिंगच्या फटीत मधुराने फोमची पट्टीसुद्धा चिकटवली. काचेवरून पाणी ओघळायला लागलं. कपाटामागच्या भिंतीला ओल आली, खोलीला कुबट वास येऊ लागला. ओवीचा खोकला परत आला आणि या वेळी त्यात ओलसर घरघर होती. मी संधी साधून खिडकी एक बोट उघडत असे. थोड्या वेळाने ती बंद झालेली असे.

एका रविवारी सकाळी ओवीची छाती जरा जास्तच वाजायला लागली. मधुराने यंत्र फुल केलं. मी उठून खिडकी सरकवली.

"बाबा, प्लीज. बाहेर रिंग रोडची सगळी धूळ आहे. गारठापण आहे."

"एक बोट उघडी राहू दे."

"डॉक्टरांची अपॉइंटमेंट अकराची आहे. तोवर तरी तिला जरा वाफ मिळू दे ना."

"खिडकी उघडी राहील."

"का? रोज नुसतं खिडकी, खिडकी. कारण तरी सांगा ना, बाबा!"

फौजेत कारण सांगायची सवय नसते. हुकूम येतो, आपण करतो. इथे ते चालत नाही आणि चालूही नये. पण कारण सांगायचं म्हणजे खोतबद्दल सांगायला लागणार होतं. या घरात मी त्याचं नाव कधी काढलं नव्हतं. ओवीची छाती वर-खाली होताना दिसत होती. मी मधुराला म्हटलं, "बैस. सांगतो." निखिलही येऊन दारात उभा राहिला.

तेव्हा मी हवालदार होतो. आमची चौकी उत्तरेला, फार उंचावर होती. नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. सात माणसं आणि फायबरची एक झोपडी, तीही अर्धी बर्फात. चौकीचे कमांडर सुभेदार जाधव. मध्यभागी बुखारी, म्हणजे रॉकेलवर जळणारी लोखंडी शेगडी. तिचा धूर चिमणीने बाहेर जाई. ताजी हवा आत यायला बुखारीच्या वरच, छताला एक वेगळा पाइप होता. शिवाय दाराला कायम एक बोट फट ठेवायची, हा सुभेदारसाहेबांचा हुकूम होता. "बुखारी चालू तर फट चालू." झोपताना फट तपासूनच ते स्लीपिंग बॅगेत शिरत.

लोकांना वाटतं बर्फात ओल असते. तिथली हवा हाडासारखी कोरडी होती. वर बुखारी आतली हवा आणखी सुकवायची. नाकात रक्ताच्या खपल्या धरायच्या, घास गिळताना घसा चिरायचा. खोकून खोकून बरगडी दुखावलेला माणूस मी पाहिला आहे.

लान्स नाईक भानुदास खोत कोकणातला. तो म्हणायचा, "आमच्याकडे हवा पिळली तरी तांब्याभर पाणी निघेल." त्याला तो कोरडेपणा सोसतच नसे. त्याने दूध पावडरचा रिकामा डबा बर्फाने भरला आणि बुखारीवर ठेवला. बर्फ वितळायचा, मंद वाफ सुटायची. त्यात तो दोन लवंगा टाकायचा. आठवड्याभरात सगळ्यांचे घसे सुधारले आणि 'खोतचा डबा' ही चौकीची संस्था झाली. डबा रिकामा दिसला की कोणीही ओरडायचं, "खोत, तुझी विहीर आटली!" तो उठून बर्फ भरायचा. दुसऱ्या कोणाला डब्याला हात लावू देत नसे.

मग वादळ आलं. पहिल्या दिवशी दाराच्या फटीतून बर्फाचा चुरा थेट अंथरुणांवर येऊ लागला. सुभेदारसाहेबांनी नाइलाजाने फट ब्लँकेट कोंबून बंद करायला लावली. छताचा पाइप होता, त्यामुळे तो हुकूम चुकीचा नव्हता. त्यातच आमचा रेडिओ ऑपरेटर माने याचा घसा पार बसला. थुंकीत रक्त यायला लागलं. मानेचा आवाज म्हणजे चौकीचा आवाज, म्हणून खोतने बुखारीवर दुसरा डबा ठेवला.

आत फार बरं वाटत होतं. ओठांना ओल, घशाला ओल, लवंगेचा वास. चौकीवर आल्यापासून इतकं घरच्यासारखं कधी वाटलं नव्हतं. ती वाफ जात कुठे होती, हा विचार आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आला नाही. ती पाइपात वर चढत होती आणि तोंडाशी गोठत होती. थरावर थर चढून पाइप आतून बुजला. बुखारीला हवा मिळेना. अशा वेळी जो वायू साठतो त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखायला लागलं तेव्हा आम्ही म्हटलं, उंचीमुळे असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी माने खालच्या बेसला रिपोर्ट देत होता. बसलेल्या आवाजात बोलला, थांबला, परत बोलला. सेटवरून उत्तर आलं.

"चौकी, हेच तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय. तब्येत ठीक आहे का? ओव्हर."

माने म्हणाला, "स्ट्रेंग्थ सात. सगळे ठीक. ओव्हर."

"हे चौथ्यांदा सांगितलंत. ओव्हर."

सुभेदारसाहेबांनी बुखारीकडे पाहिलं. ज्योत पिवळी पडून लोळत होती. "बुखारी बंद. दार उघडा." ते उठायला गेले आणि गुडघ्यावर बसले. मी आणि खोतने दार आत ओढलं. समोर बर्फाची भिंत. फावड्याने एक माणूस सरपटेल एवढं भोक पाडलं. थोडी हवा आली, पण वारा ते भोक लगेच बुजवत होता. बुखारी विझलेली ठेवली असती तर थंडीने गेलो असतो, पेटवली असती तर वायूने. पाइपाच्या तोंडचा बर्फ बाहेरून फोडल्याशिवाय सुटका नव्हती.

खोत दोर कमरेला बांधायला लागला होता.

"डबे मी ठेवले, साहेब. पाइप मीच मोकळा करतो."

"काम झालं की तीन झटके दे."

"जी साहेब." मग मानेकडे वळून म्हणाला, "आता बोलू नकोस जास्त. घसा जप."

तो भोकातून गेला. दोर माझ्या हातात होता. छतावर आइस अ‍ॅक्सचे घाव ऐकू येत होते. एक, मग बराच वेळ काही नाही, मग एकापाठोपाठ एक. पाइपातून बर्फाचा गोळा सुटला आणि तापलेल्या बुखारीवर पडून चर्र वाजला. त्याच्यामागून हवा आली. ती हवा मी आजही विसरलेलो नाही. सुरीसारखी गार होती आणि मी ती अधाशासारखी प्यायलो. दोराला तीन झटके आले. मी दोर ओढू लागलो.

तेवढ्यात वरच्या उतारावरून बर्फाचा कडा सुटल्याचा आवाज आला. दोर ताणला, हातमोज्यातून सरसरत गेला आणि सैल पडला.

आम्ही वादळातच खणायला सुरुवात केली. खोत दुसऱ्या दिवशी सापडला. मुठीत दोर घट्ट धरलेला होता. मानेने रिपोर्ट दिला. आवाज बसलेलाच होता, पण शब्द स्वच्छ होते.

"स्ट्रेंग्थ सहा. ओव्हर."

बेसच्या ऑपरेटरने पोच दिली, "रॉजर."

पुढे सुट्टीत मी खोतच्या घरी गेलो. त्याच्या आईने शौर्याबद्दल काही विचारलं नाही. म्हणाली, "तिथं हवा कशी हो असता?" मी म्हटलं, "कोरडी असते, आई." ती म्हणाली, "त्याला नाय सोसायची." आम्ही दोघं ओसरीवर बसून राहिलो. मला रडायचं होतं आणि तिच्यासमोर रडणं बरं दिसलं नसतं. परतीच्या एसटीत मात्र मी आवरू शकलो नाही.

एवढं सांगून मी थांबलो. निखिल दाराला टेकून उभा होता. चाळिशीच्या घरातला माझा मुलगा, त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं. मधुरा उठली. तिने यंत्र बंद केलं आणि खिडकीची फोमची पट्टी नखाने सोलायला घेतली. ती पटकन निघेना, तेव्हा निखिल पुढे झाला. खिडकी सरकली. बाहेरून हॉर्नचे आवाज आले आणि गार हवा आली.

"मी तिच्यासाठीच करत होते, बाबा," ती म्हणाली.

"माहीत आहे. डबा ठेवण्यात चूक काहीच नव्हती, बाळा. त्याने आमचे घसे वाचवले. वाफ हवीच. फक्त तिला बाहेर जायला वाट हवी."

डॉक्टरीणबाई कन्नड, बोलणं हिंदी-इंग्लिश. त्यांनी छाती तपासली, औषध दिलं, घरातल्या खोलीची चौकशी केली आणि मधुराला म्हणाल्या, "ह्युमिडिफायर ओके, लेकिन फुल डे नहीं. विंडो स्वल्प ओपन रखिए." स्वल्प म्हणजे किती, असं मधुराने विचारलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बोट वर केलं.

आता या थंडीत घराची व्यवस्था लागली आहे. निखिलने ओल मोजणारं एक छोटं यंत्र आणून भिंतीवर लावलं. काटा पन्नासच्या जवळ गेला की ह्युमिडिफायर बंद करायचा. काच ओली दिसली तर काट्याचंही न ऐकता बंद करायचा. टाकी रोज रिकामी करून पुसायची, पाणी फिल्टरचं. फार कोरडं वाटलं तर ओला पंचा दोरीवर टाकला तरी भागतं. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं आहे. भिंत वाळली, रंग नवा दिला. ओवीची छाती मोकळी आहे.

टाकी भरायचं काम मधुराने माझ्याकडे दिलं आहे. मी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. पाणी ओतताना मला खोत आठवतो. त्याचं वय तेव्हा निखिलच्या आजच्या वयाहून कितीतरी कमी होतं, हे आठवतं आणि वाईट वाटतं. ते वाटणं इतक्या वर्षांत कमी झालेलं नाही. आता निदान ते एकट्याने सोसावं लागत नाही.

संध्याकाळी खिडक्या लावायची वेळ झाली की मधुरा ओवीच्या खोलीत जाते, जाळी लावते, काच सरकवते आणि शेवटी फटीत स्वतःचं बोट घालून बघते. ओवीला तिने किती सांगितलं आहे मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

गेल्या आठवड्यात गेटवर बसची वाट बघत होतो. हवा कोरडी होती, ऊन नुकतंच आलं होतं. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "स्ट्रेंग्थ काय? ओव्हर."

ओवीने मूठ तोंडाशी धरली. "पाच, आबा. ओव्हर."

"पाच कशी? नीट मोज."

तिने बोटांवर मोजलं. "आई, बाबा, तुम्ही, मी. आणि खिडकीवाले खोतकाका."

बस आली होती. दार उघडलं. ती एक पाय पायरीवर ठेवून माझ्या उत्तरासाठी थांबली.

"रॉजर," मी म्हटलं. "स्ट्रेंग्थ पाच."