नर्सने काढलेला फोटो

२००५ च्या सुमारास आम्ही नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला राहायला गेलो आणि मी पहिला डिजिटल एसएलआर कॅमेरा घेतला. ऑफिसात माझं काम लेन्सचंच होतं. जेवणाच्या सुट्टीत पुण्याचा एक सहकारी म्हणायचा, "अरे, फोटो नजर काढते. कॅमेरा कुठलाही दे."

"अंधारात नजर काय करणार? तिथे लेन्सच लागते," मी म्हणायचो. दोघंही हटत नसू.

बायकोला दिवस गेले होते. बाळाचा पहिला फोटो आपण काढायचा म्हणून मी कमी उजेडात चालणारी लेन्स मागवली आणि हॉस्पिटलच्या बॅगेत झबल्यांवर ठेवून दिली.

अगदी शेवटच्या तपासणीत बाळाचे ठोके सापडले नाहीत. प्रसूती तर व्हायचीच होती. बॅग भरली होती तशीच बरोबर आली.

मुलगी होती. नर्सने तिला पुसलं, आमचं झबलं घातलं आणि बायकोच्या कुशीत दिलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "फोटो काढायचा का? पुढे कधीतरी हवासा वाटतो."

मला ते ऐकवेना. आपल्याकडे असं कुणी करत नाही. पण बायको म्हणाली, "तू काढ."

पडदे ओढलेले होते. मी कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. तिला फोकस सापडेना. त्या शांत खोलीत लेन्सच्या मोटरची घरघर फार मोठी वाटत होती. हाताने फोकस करायला गेलो, तर डोळ्यांतल्या पाण्याने काही दिसेना.

"मी काढू?" नर्सने माझ्या दंडाला हात लावला. तिने वॉर्डातला छोटा कॅमेरा आणला. आधी मुलीची मूठ हलकेच उघडून तीत बायकोचं बोट ठेवलं, मग फोटो काढला.

फोटो तिरका आला होता. फ्लॅशने गाल पांढरा पडलेला, मागे सलाईनचा स्टँड. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "असला फोटो घरात ठेवू नये गं." बायकोने तो कपाटात साड्यांखाली ठेवला. तरी तो मला घरभर जाणवायचा. कामावरून आल्यावर वाटायचं, आत कुणाचा तरी नुकताच डोळा लागलाय, आणि मी दार आवाज न करता लावायचो. बायकोही तसंच लावायची. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

एका रविवारी मी तो फोटो स्कॅन केला. स्टँड पुसला, तिरकेपणा काढला, गालाला रंग दिला. मिटलेल्या डोळ्यांच्या रेषा ठळक करायला गेलो, तर चेहऱ्याचे नुसते ठिपके उरले.

बायको मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"ही कोण?" तिने विचारलं.

मी स्कॅनरमधून मूळ फोटो काढून तिच्या हातात दिला.

"राहू दे. होता तसाच राहू दे तो."

मी ती फाइल काढून टाकली. मूळ फोटो तिने त्याच दिवशी बाहेरच्या खोलीत लावला. सासूबाईंना आम्ही ते सांगितलं नाही.

पुढे आम्हाला दुसरी मुलगी झाली. तिला मराठी कळतं, पण बोलते डचमध्ये. लहान असताना एकदा त्या फोटोपुढे उभी राहून तिने विचारलं, ही कधी उठणार?

"नाही उठणार, बाळा," बायको म्हणाली. "ती तुझी ताई."

मुलीने मान हलवली आणि ती खेळायला गेली. मी तिथेच उभा राहिलो. तो प्रश्न मी मनात किती वेळा विचारला होता, ते मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.