गाडीच्या खोडी

पनवेलच्या नाक्यावरचा तो मिस्त्री मोटारीच्या बिघाडांना 'खोडी' म्हणायचा, जणू बैलच विकत घ्यायचाय. मी पसंत केलेल्या जुन्या मोटारीच्या खोडी त्याने बोटांवर मोजून दाखवल्या. "सकाली रुसते, पानी लय पिते, चढावर बसते. घेऊ नका." सांगताना दुसरा हात मात्र बॉनेट कुरवाळत होता.

मी घेतलीच. पहिल्याच फेरीला मिस्त्रीला शेजारी बसवलं, आणि कर्नाळ्याच्या चढावर ती बसली. मिस्त्री खाली उतरला, मडगार्डवर हलकेच थाप मारून "चल गो बाय" म्हणाला आणि तिच्या बाजूने चालू लागला. गाडी धापा टाकत चक्क चढली!

"उगाच नको म्हणत होतात," मी स्टिअरिंगमागून ओरडलो.

तो लाजून हसला. "खोडी सगल्या खऱ्या हायेत. पन मलाच घ्यायची व्हती ना!"