देवाला ‘जा’ म्हणणारं गाणं

आमच्या अणदूरचा खंडोबा दरवर्षी काही दिवस नळदुर्गला राहायला जातो. दोन्ही गावची मंडळी बसून लेखी करार करतात, मग देव निघतो. त्या संध्याकाळी आम्ही भजनी मंडळाच्या बायका निरोपाचं गाणं म्हणतो. एका वर्षी ते नवं रचायचं काम माझ्याकडं आलं.

नेमकं तेव्हाच माझं नवऱ्याशी बोलणं बंद होतं. ह्यांनी मला न विचारता परभणीला बदली मागून घेतली होती. नऊ दिवस मी ताट वाढायची आणि आत निघून जायची. समोर आले की अंगाचा तिळपापड, आणि यायला दहा मिनिटं उशीर झाला की जीव दाराशी. मला माझीच चीड यायची.

अशात ‘देवा, लवकर ये’ असलं गोड गोड काय सुचणार? चार कागद फाडले. मग दुपारी भाकरी थापताना तोंडातून आपोआप निघालं:

जा रे देवा जा, माझं काय अडलंय?
भंडाऱ्याचं ताट मी पालथं घातलंय.
जा रे देवा जा, वळून बघू नको,
बघितलंस तर पुढं पाऊल टाकू नको.

पिठाच्या हातानंच पेन धरलं. तव्यावरची भाकरी करपली, तरी ओळीमागून ओळ येतच राहिली. इतकी वर्षं पूजेला बसून जे मिळालं नव्हतं, ते त्या रागात मिळालं. देव भांडता येईल इतका जवळ आला होता.

सरावाला मात्र सगळ्यांनी टाळ खाली ठेवले. निघणाऱ्याला आपण ‘या’ म्हणतो, आणि मी देवालाच ‘जा’ म्हटलं होतं. मग आमच्यातली सगळ्यात थोरली, गाणं सांगणारी मावशी म्हणाली, “चाळीस वर्सं गोडच म्हणत आले. हे लई खरं हाय. म्याच म्हणते.”

देवळात तिनं असा आवाज लावला की मी टाळ वाजवता वाजवता हसत होते आणि रडतही होते. पुरुषांच्या घोळक्यात हे उभे होते. चौथ्या ओळीला त्यांनी खाली बघितलं.

घरी आल्यावर ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, “जाऊ का गं परभणीला?”

एवढ्याच प्रश्नासाठी मी नऊ दिवस भांडत होते. आता ‘जा’ आणि ‘नका जाऊ’ दोन्ही एकदमच ओठांवर आलं, आणि मी दोन्ही म्हणून टाकलं.