मल्हारीच्या दहाव्याला नरसिंहपूरला

मल्हारीच्या दहाव्याला जायचं, हे मी आणि शिरीषनं बारामतीच्या स्टँडवर चहा पितानाच ठरवलं. नव्वदचं दशक होतं. मल्हारी आमच्या कॉलेजचा बास्केटबॉलपटू. आम्ही खेळाडू वगैरे नव्हे, मैदानाच्या कठड्यावर बसून घसा बसेपर्यंत ओरडणारी टोळी. बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल आदळली आणि आमचं ओरडणंच संपलं.

एसटीनं सणसरला उतरलो. तिथं मल्हारीचं घर. पुढं घरच्यांबरोबर भाड्याच्या जीपनं इंदापूर आणि बावड्यावरून नरसिंहपूर. रस्ता तेव्हा हाडं खिळखिळी करणारा होता. इंदापूरला जीप थांबली. घरचे उपाशी होते, आम्ही मात्र गरम भजी खाल्ली. लाज वाटली, पण भजी उत्तम होती.

मल्हारीची बहीण शोभा मागं बसली होती. बारावीला होती ती. तिचा चुलता तिच्या वडलांना, तात्यांना, म्हणाला, "वर्षाच्या आत पोरीचं उरकून टाकू. न्हायतर तीन वर्सं थांबावं लागंल. पाव्हणं तयार हायती."

तात्या बाहेरचा ऊस बघत राहिले. शिरीषनं माझ्याकडं पाहिलं. शोभाला बारावीनंतर कॉलेजात आणायचं, टीममध्ये घालायचं, हे मल्हारी आम्हाला कितीदा तरी सांगायचा.

सुतकामुळं देवळात न जाता थेट घाटावर गेलो. तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर जा, पायऱ्या फार तापतात. भीमा आणि नीरेचा संगम शांत, रुंद आहे. एरवी तिथं बसून राहावंसं वाटलं असतं.

पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, शिवेनात. घरच्यांनी एकेक शब्द देऊन पाहिला. आम्हीही हात जोडून म्हणालो, "यंदा करंडक आणू." कावळा ढिम्म. शेवटी शिरीष धीर करून म्हणाला, "तात्या, त्याला शोभाला कॉलेजात आणायचं होतं."

चुलत्यानं डोळे वटारले. तात्या पिंडापुढं वाकले. "शिकवतो तिला, बाळा. खेळू बी देतो. लग्नाची घाई न्हाय करत."

कावळे उडाले आणि नदीपलीकडं गेले. बराच वेळ वाट पाहून गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

परतताना चुलता म्हणाला, "कावळ्यानं मानलं न्हाय. म्हंजी ती त्याची इच्छा नव्हती. पाव्हण्यांना होकार कळवतो."

"नगं कळवू," तात्या म्हणाले. "मी कावळ्याला न्हाय, मल्हारीला बोललोय."

रात्री बारामतीत घरी पोचलो तेव्हा अंग आंबलं होतं. करंडक काही आम्ही कधी आणला नाही.

पुढच्या वर्षी शोभा कॉलेजात आली. तिच्या पहिल्या सामन्याला तात्या आले. मल्हारीचा एकही सामना त्यांना पाहता आला नव्हता, उसातून सवडच मिळायची नाही. आमच्याशेजारी कठड्यावर अवघडून बसले.

"मला ह्यातलं कळत न्हाय," ते म्हणाले. "वरडायचं कवा?"

"चेंडू जाळीतून पडला की," मी म्हटलं.

शोभाचा पहिला चेंडू जाळीच्या कड्यावर आपटून बाहेर गेला. तात्या उभे राहून ओरडले. आम्हीही ओरडलो.