सलखनचे दगड आणि आमचा शाळिग्राम

सलखनला मी एकदाच गेले... नव्वदच्या दशकातल्या एका थंडीत, बनारसहून जीपने. हे जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

हे म्हणजे माझे यजमान. युनिव्हर्सिटीत भूगर्भशास्त्र शिकवायचे. तिकडे सोनभद्रच्या डोंगरात सलखन गावाजवळ जीवाश्म आहेत, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या शेवाळाचे. बाहेरून पाहुणे आले की हे त्यांना दाखवायला न्यायचे. मी सातवी शिकलेली. यांच्या कपाटातली पुस्तकं वाचून त्या दगडांची ओळख झाली, पण यांच्याबरोबर जाणं मात्र राहिलं.

बनारसच्या पंचगंगा घाटाजवळच्या आमच्या घरात आजेसासऱ्यांपासूनचा शाळिग्राम होता. तोही जीवाश्मच, समुद्रातला शंखासारखा प्राणी. त्याला अंघोळ घालताना हे हसायचे, "सलखनपुढे आपला देव म्हणजे कालचं पोर!"

मी चंदन उगाळून द्यायची, तांब्या भरून द्यायची. शिवायची नाही. आमच्यात बायका शाळिग्रामाला शिवत नाहीत.

हे गेले आणि दिवसकार्य आटोपल्यावर धाकटे भाऊजी आले. म्हणाले, "वहिनी, घरात पुरुष नाही. देव उपाशी राहू नये. मी घेऊन जातो."

"मी करीन की पूजा."

"तुम्ही? अहो, कशी कराल?" अगदी मायेनेच म्हणाले. आणि शाळिग्राम घेऊन गेले... देव्हाऱ्यातल्या मखमलीवर तेवढा गोल खळगा राहिला.

मग थंडीत यांच्या विभागातले मिश्राजी आले. "भाभीजी, अब तो लोग घूमने भी आने लगे हैं वहाँ. आप भी चलिए." दिल्लीचे काही पर्यटक होते, त्यांच्या जीपमध्ये मलाही जागा झाली.

उघडं माळरान, झुडपं, आणि जमिनीत रुतलेले ते दगड. तेव्हा कुंपण वगैरे काही नव्हतं. मंडळी बूट घालून दगडांवर उभी राहून फोटो काढत होती. मी चपला काढल्या.

"यहाँ चप्पल कौन उतारता है, भाभीजी?"

"हमको आदत है," मी म्हटलं.

जवळचा दगड कोरडा, धुळीने भरलेला... काहीच दिसेना. हे सांगायचे, पाणी घातल्याशिवाय तो बोलत नाही. मी खाली बसले. बाटलीतलं पाणी ओतलं आणि तळहाताने धूळ पुसली. एकात एक अशी वर्तुळं हळूहळू वर आली.

हात फिरवता फिरवता लक्षात आलं, मी अंघोळ घालत होते. यांच्यासारखीच, वरून पाणी सोडत, अंगठ्याने कडा पुसत. कोणी थांबवलं नाही. मिश्राजी दुसरीकडे बघत उभे राहिले.

उन्हाने पाणी वाळलं, वर्तुळं गेली.

परतताना रस्त्यावर चहाला थांबलो. टपरीवालीने ग्लासांशेजारी दगडांचे तुकडे मांडले होते. वर्तुळं असलेले. "ले जा माई, सब लोग ले जाला," म्हणाली आणि एक माझ्या हातात दिला.

घरच्या खळग्यात नेमका बसेल एवढा. त्याला कोणी उपाशी म्हणणार नव्हतं, कोणी न्यायला येणार नव्हतं... मी बराच वेळ तो धरून बसले. मग उलटा केला. जिथून फोडला होता ती बाजू ताजी होती, फिकी. काढून नेलं की मागे काय राहतं ते मी घरात रोज बघत होते.

तुकडा परत ठेवला. चहा गार झाला होता, तसाच प्यायले.

आता तिथे कुंपण आहे, पाटी आहे म्हणे. लोक लांबून बघायला येतात. बरं झालं.

मखमल मी बदललेली नाही. सकाळी सवयीने तांब्या भरते, खळग्यासमोर ठेवते आणि नंतर तुळशीला घालते. पाणी घालायचं कसं ते यांच्याकडे बघून शिकले... एकदा तरी ते माझ्या हातून झालं.